पोस्ट निघाली नाही तर मी कोण?

यावेळी तीन पत्रं घेतेय. तिघांची वयं वेगळी, गावं वेगळी, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे तिघं कुठे एकत्र भेटले तर तासभर बोलत बसतील. पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार आहे, कारण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची तसली पत्रं दर महिन्याला येतात आणि मी दर वेळी चार ओळींत उत्तर देऊन पुढे जाते, ते माझं मलाच टोचतं. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि पत्रं थोडक्यात घेतलीयेत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंगोली जिल्ह्यातला, वय ३१, बीएस्सी. २०१८ ला पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, सकाळी सातला अभ्यासिकेत जातो आणि रात्री मेस करून परत. राज्यसेवेच्या दोन मेन्स दिल्या, एकदा मुलाखत अडीच मार्कांनी हुकली, कंबाईनमध्ये पण थोडक्यात गेली. आता पॅटर्न डिस्क्रिप्टिव्ह झाला, सविस्तर उत्तरं लिहायचा, म्हणजे परत पहिल्यापासून. घरी तीन एकर सोयाबीन, बाबा महिन्याला आठ हजार पाठवतात आणि कधीच काही विचारत नाहीत, तेच जास्त लागतं. आमच्या गावचा माझ्याबरोबरचा मुलगा तहसीलदार झाला, मिरवणूक, गुलाल, चौकात फ्लेक्स, मी त्या दिवशी गावातच होतो पण घराबाहेर निघालो नाही. लॉकडाऊनमध्ये मी मारुतीच्या देवळात पाचवी ते आठवीच्या पोरांना गणित शिकवायचो, अजूनही सुट्टीत गेलो की पोरं घरी बोलवायला येतात. खरं सांगू का, एवढ्या वर्षांत मला मनापासून आवडलेली तेवढी एकच गोष्ट आहे. पण ते काय करिअर आहे का? सोडून दिलं तर लोक म्हणणार हरला. पोस्ट निघाली नाही तर मी कोण?

उत्तर : तुझ्याएवढा माझा भाचा आहे म्हणून तू म्हणतेय, चालेल ना.

आधी ती मिरवणुकीची गोष्ट. तू जसं लिहिलंयस त्यावरून कळतं की तुला त्याची अजून लाज वाटते. मी सीए फायनलला चार वेळा बसले, चारही वेळा तोच एक ग्रुप राहिला, आणि माझी मैत्रीण पास झाली त्या दिवशी पेढे खायला बोलावलं तर ताप आलाय म्हणून सांगितलं. खूप वर्षं मला वाटायचं की तो मत्सर होता. आता वाटतं मैत्रिणीबद्दल माझ्या मनात तसं काहीच नव्हतं, मला फक्त भीती वाटत होती, की आता लोक मला काय म्हणून ओळखणार. पुढे ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवायला लागले ते नाइलाजाने, आणि हेच आपलं काम आहे हे कळायला मला सहा वर्षं लागली. तुला ते आधीच देवळात बसून कळलंय, फक्त ते मान्य करायला तू घाबरतोयस.

आता आकडे बघ, तुझं गणित चांगलं आहे म्हणून सांगते. यूपीएससीच्या २०२३ च्या परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले, प्रत्यक्ष प्रिलिमला बसले ५,९२,१४१ आणि शेवटच्या यादीत नावं किती तर १,०१६. म्हणजे पेपर दिलेल्या दर हजारात दोन पण नाहीत. राज्यसेवेचं पण गणित याच जातीचं, जागा काही शे आणि अर्ज लाखांत. सरकारला तेवढीच माणसं हवी असतात, मग कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि ती रेघ तुझ्या डोक्यावरून अडीच मार्कांनी गेली. रेघेच्या पलीकडचा मुलगा त्या दिवशी तुझ्यापेक्षा अडीच मार्कांनी पुढे होता एवढंच तो आकडा सांगतो, तू माणूस म्हणून किती कामाचा आहेस हे सांगायची त्या कट-ऑफची ताकदच नाही आणि ते त्याचं काम पण नाही. तुझ्या अभ्यासिकेत आत्ता जी मुलं बसलीयेत त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना हे कधीतरी ऐकावं लागणार आहे आणि कोणी त्यांना सांगत नाही, कारण फ्लेक्स फक्त निकालानंतर लागतात.

आणि वयाच्या अटीचं. ओपनला ३८, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत चांगल्या हेतूने आहे, पण मी पत्रांत बघते की तीच पोरांना अडकवून ठेवते, कारण दार उघडं आहे तोपर्यंत निघायचं कसं. तीस झाली, बत्तीस झाली, अजून एक अॅटेम्प्ट. थांबायचं कधी हे आयोग तुला सांगणार नाही, ते तुलाच ठरवावं लागेल.

एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला नको, वहीत लिही. अधिकारी होऊन तुला नेमकं काम कोणतं करायचं होतं? गाडी, केबिन, बाबांची गावात वाढलेली किंमत हे सगळं बाजूला ठेव, त्यात वाईट काहीच नाही पण ते काम नाही. तहसीलदाराचा रोजचा दिवस म्हणजे फेरफार, वाळूच्या तक्रारी, सातबाऱ्याच्या दुरुस्त्या, निवडणुकीची ड्युटी, पंचनामे. हे वाचून तुझे हात शिवशिवतात का? शिवशिवत असतील तर तारीख ठरवून अजून एकदा जोर लाव, माझा विरोध नाही. पण ते वाचताना काहीच वाटलं नाही आणि देवळातल्या पोरांचं लिहिताना तुझं अक्षर बदललं असेल (पत्रात बदललंय, मी बघितलं), तर मग तुझं काम तुला सापडलेलं आहे.

तुला एका शिक्षकाची गोष्ट माहीत असेल, नसेल तर ऐक. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचे. फर्ग्युसनमध्ये शिकले, तिथे १९२७ ला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली, आणि पुढचं शिक्षण वगैरे काही नाही, १९३० पासून निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर. आणि सगळा फावला वेळ आकड्यांबरोबर. १९४९ ला त्यांनी ६१७४ या आकड्याची गंमत जगासमोर ठेवली. कुठलाही चार आकडी आकडा घे, चारही अंक सारखे नकोत. समजा ४८३१. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले की ८४३१, उलटे लावले की १३४८, वजा केले की ७०८३. परत तेच कर, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हेच केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४ च येतं, तिथून पुढे जातच नाही. कुठूनही सुरुवात कर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तू ६१७४ ला पोचतोस. सुट्टीत पोरांकडून करून घे, देवळात गोंधळ होईल बघ.

त्यांनी एका जातीच्या संख्यांना नाव दिलं हर्षद, हर्ष देणारी. १२ घे, १ आणि २ मिळून ३, तीनने बाराला पूर्ण भाग जातो, झाली हर्षद संख्या. आणखी एका प्रकाराचं नाव त्यांनी डेमलो ठेवलं, म्हणजे आजची डोंबिवली, कारण ती कल्पना त्यांना त्या रेल्वे स्टेशनावर सुचली. माणूस स्टेशनावर उभा आहे आणि डोक्यात आकडे खेळतायत. आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फार गंभीरपणे घेतलं नाही, बरंचसं लिखाण त्यांनी स्वतःच छापून काढलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९७५ ला त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला नाव कळलं, म्हणजे सत्तरीला आल्यावर. आता सांग, १९७४ पर्यंत कापरेकर मास्तर अयशस्वी होते का? ते लेखन छापून आलंच नसतं तर ६१७४ खोटं ठरलं असतं का?

पण याच गोष्टीचा दुसरा भाग पण सांगते, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शन पुरत नव्हती, शिकवण्या घ्याव्या लागल्या. आवडीचं काम केलं की पैशाचं आपोआप जमतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जमत नाही. जमवावं लागतं, वेगळं डोकं लावून.

म्हणून व्यवहाराचं. शाळेत शिक्षक व्हायचं तर बीएड दोन वर्षं, मग टीईटी आणि टेट या परीक्षा, पवित्र पोर्टलवरून भरती, आणि लागलास तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००. ती पण एक रांगच आहे बाबा. एका रांगेतून निघून दुसऱ्या रांगेत सात वर्षं उभा राहू नकोस एवढं कळकळीने सांगते. बीएड करायचं तर कर, पण त्याच्या बरोबरीने पहिल्या महिन्यापासून शिकवायला लाग, तालुक्याच्या ठिकाणी स्कॉलरशिप आणि नवोदयच्या परीक्षांचे क्लास चालतात तिथे जा, नाहीतर गावातच संध्याकाळची शिकवणी सुरू कर आणि फी घे, ज्याला परवडत नाही त्याची सोड पण बाकीच्यांकडून घे. फुकट शिकवणं तुला आत्ता उदात्त वाटेल पण एका वर्षात तू दमशील आणि पोरं परत मोकळी पडतील. सात वर्षं घासून केलेला इतिहास, भूगोल, राज्यघटना, बुद्धिमत्ता, यातलं काय वाया गेलं मला सांग. हिंगोलीतल्या आठवीच्या मुलीला राज्यघटना समजावून सांगणारा माणूस तिच्या गावात दुसरा कोण आहे?

बाबांशी मात्र फोनवर बोलू नकोस, घरी जा. आठ हजार गुणिले बारा गुणिले सात, ६,७२,००० होतात, हा हिशोब तू रात्री झोपताना करत असशील हे मला माहितीये, तोच त्यांच्यासमोर मांड. ते विचारत नाहीत कारण त्यांना भीती वाटते की विचारलं तर पोरगा मोडेल. तू बोललास तर दोघं सुटाल. लोक हरला म्हणतील का, तर म्हणतील, साधारण एक दिवाळी ते दुसरी दिवाळी. तेवढं सोसावं लागेल, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, वाकडला राहतो, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. पॅकेज चांगलं, थ्री बीएचके, मुलगा सातवीत. बाहेरून सगळं सेट आहे. पण दोन वर्षांपासून रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. ऑफिसमध्ये इकिगाईचं, म्हणजे जपानी भाषेत जगण्याचं कारण, त्याचं वर्कशॉप झालं, चार वर्तुळं काढून मधे काय येतं ते लिहा म्हणाले, माझ्या मधे काहीच आलं नाही, पान कोरं. आता डोक्यात आहे की नोकरी सोडून जुन्नरला काकांच्या जमिनीवर सेंद्रिय शेती करावी, काहीतरी अर्थपूर्ण. बायको म्हणते वेड लागलंय. कोण बरोबर?

उत्तर : पान कोरं राहिलं म्हणून घाबरू नका, ते चित्रच जपानचं नाही. चार वर्तुळांचं ते चित्र स्पेनमधल्या एका लेखकाचं होतं, दुसऱ्याच विषयावरचं, २०१४ ला एका इंग्रज ब्लॉगरने त्याच्या मधे इकिगाई हा शब्द टाकला आणि तिथून ते जगभरच्या एचआरमध्ये गेलं. जपानमध्ये या शब्दावर ज्यांनी खरं काम केलं त्या मिएको कामिया नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या, आणि त्यांना प्रश्न पडला की बेट तेच, आजार तोच, बाहेर जायची बंदी तीच, मग काहींना जगणं पोकळ वाटतं आणि काहींना भरलेलं, असं का. १९६६ ला त्यांनी त्यावर लिहिलं. तिथे पगार, प्रमोशन, आवडीचं करिअर यातलं काहीच नव्हतं, तरी प्रश्न होता आणि काहींकडे उत्तर पण होतं. म्हणून म्हणते, तुमचं उत्तर सातबाऱ्यावर असेलच असं नाही.

शेतीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या पत्रात शेतीबद्दल एक ओळ आहे आणि रविवारच्या गोळ्याबद्दल सात. तुम्हाला शेतीकडे जायचं नाहीये, तुम्हाला इथून निघायचंय, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात, पाणी आटलेलं असताना, काकांकडे आठ दिवस राहा, सकाळी त्यांच्याबरोबर उठा, टोमॅटोचे क्रेट मार्केटला घेऊन जा आणि मिळालेल्या भावाची पट्टी हातात धरा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर आपण परत बोलू, आणि तेव्हा पण दीड वर्षाचा घरखर्च आणि ईएमआय बाजूला काढल्याशिवाय राजीनामा नाही. तुमच्या पत्नी घाबरल्यात, कारण घर चालवायचं गणित त्यांना स्वच्छ दिसतंय. त्यांना विरोधक समजू नका.

मला जास्त कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. तुम्ही लिहिलंय की तुमची टीम परदेशातल्या एका विमा कंपनीच्या क्लेमची सिस्टीम सांभाळते, आणि त्यापुढे त्याबद्दल एक शब्द नाही. त्या सिस्टीमच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय? कोणाचं तरी ऑपरेशन झालंय, बिल अडकलंय, तो माणूस स्क्रीनकडे बघत बसलाय. अकरा वर्षं तुम्ही तिकिटं क्लोज करताय आणि त्यातला एक माणूस तुम्हाला दिसलेला नाही. क्लायंटकडे मागणी करा, एक दिवस त्यांच्या कॉल सेंटरचे कॉल ऐकायला मिळू देत. आणि तुमच्या हाताखाली जी बावीस-तेवीसची पोरं आहेत, लातूर, अकोला, सोलापूरकडून आलेली, इंग्रजीत बोलायला लाजणारी, त्यांच्यातल्या दोघांना शुक्रवारी दुपारी अर्धा तास द्या, अप्रेझलच्या बाहेरचा. तीन महिने करून बघा. कदाचित गोळा तरीही राहील, मग टीम बदला, कंपनी बदला, आणि झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल तर डॉक्टरकडे जा, ते अर्थबिर्थ नंतर, आधी तब्येत.

आपल्याकडे सावता माळ्यांबद्दल सांगतात की ते अरणहून पंढरपूरला गेलेच नाहीत, मळ्यातच राबत राहिले, आणि आजही पंढरपूरची पालखी त्यांना भेटायला अरणला येते. मला ही गोष्ट लहानपणी कळली नव्हती, की ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांच्याकडे देव का येईल. नोकरीला लागल्यावर कळली.

प्रश्न : माझं वय ६६, रत्नागिरी. आमच्या महिला मंडळात ८ मार्चला ज्येष्ठ महिलांचा सत्कार आहे, माझं पण नाव घेतलंय आणि पाच ओळींचा परिचय द्या म्हणतात. मी दोन दिवस कागद घेऊन बसले. शिक्षण दहावी. नोकरी नाही, पुरस्कार नाही. बावीस वर्षं आयटीआयच्या मुलांचे डबे केले एवढंच. सूनबाई म्हणते लिहा काहीतरी. काय लिहू? नाव मागे घ्यावं असं वाटतंय.

उत्तर : ताई, नाव अजिबात मागे घेऊ नका.

तुम्ही डबे किती असायचे ते लिहिलं नाहीये, मी कमीत कमी वीस धरते. वर्षाचे तीनशे दिवस धरले, सणवार, सुट्ट्या, तुमची आजारपणं सोडून. वीस गुणिले तीनशे गुणिले बावीस, १,३२,००० डबे झाले. गॅस संपलेला असताना, पावसात लाईट गेलेली असताना, घरात पाहुणे असताना, सुनेच्या बाळंतपणात. सोळा-सतरा वर्षांची पोरं, पहिल्यांदा घर सोडून आलेली, फिटर आणि वायरमन व्हायला. दुपारी बाराला डबा उघडला की आत गरम भात असायचा. त्यातल्या किती जणांनी घरी परत जायचा विचार त्या डब्यामुळे सोडला असेल ते आपल्याला कधी कळणार नाही.

तुम्ही डब्यांच्या हिशोबाची वही ठेवली असणार. सगळ्याच ठेवतात, नाव, महिना, जमा, बाकी. ती शोधा. काही नावांपुढे बाकी कायमची राहिली असेल आणि तरी डबा चालू राहिला असेल, ते पान मला बघायला आवडलं असतं.

परिचय असा लिहा. नाव, गाव. शिक्षण दहावी. बावीस वर्षं आयटीआयच्या विद्यार्थ्यांना डबे दिले, अंदाजे एक लाख बत्तीस हजार. त्यांचे विद्यार्थी आज अमुक अमुक ठिकाणी काम करतात, इथे वहीतली जेवढी नावं आणि गावं आठवतील तेवढी घाला, ओळी पाचाच्या सहा झाल्या तरी चालतील, मंडळातल्या बायका समजून घेतील. आणि त्यातल्या एकाचा जरी नंबर सापडला तर त्याला ८ तारखेला बोलवा, खुर्ची पुढच्या रांगेतली ठेवायला सांगा.